ओळीतला नववा

१

मेलेले खेळ उठवून बसवायचे, हे तिचं काम. ज्या यंत्रांवर ते व्हिडिओ गेम चालायचे ती कधीच भंगारात गेली. उरल्या त्या कॅसेटी, त्याही कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या खोक्यात धूळ खात पडलेल्या. त्या मिळवायच्या, आतलं सगळं उपसून घ्यायचं, आणि आजच्या फोनवर, आजच्या टीव्हीवर तो खेळ असा उभा करायचा की लहानपणी खेळलेल्या माणसानं म्हणावं, अरे, हाच की तो! म्हणून ऑफिसात सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. साहेबांना पाठीमागे मुकादम म्हणत. आणि दिवसभर खेळून चुका काढण्याचा पगार घेणारे एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, ते खेळ्या.

या धंद्याची एक रीत आहे. जुन्या खेळातली खोडसुद्धा काढायची नाही. भिंतीतून आरपार जाणारा पक्षी असेल तर तो तसाच आरपार गेला पाहिजे. लोक त्या खोडीवरच जीव टाकतात, सुधारायला जाल तर शिव्या खाल. बाई ही रीत डोळ्यांत तेल घालून पाळायच्या. फक्त एकदाच मोडली, आणि तीही पोटच्या पोरीसाठी.

पोरीला घरात ठकी म्हणत. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, डॉक्टरांचे उंबरे झिजवून झिजवून, सगळ्यांनी आशा सोडल्यावर झालेली. नुकती शाळेत जायला लागली होती. बोलायला फटाकडी, पण एक दुखणं घेऊन आलेली: लुकलुकतं काही पाहिलं की तिला फिट यायची. फडफडणारी ट्यूब, गाडीच्या खिडकीतून झाडांआड लपणारं ऊन, एवढंही पुरे व्हायचं. आई दिवसभर खेळ जिवंत करणार आणि तिच्याच लेकीनं पडद्याकडे पाठ करून बसायचं, हे बाईंना फार लागायचं.

म्हणून ‘बत्तीवाला’ हाती आला तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं. हा खेळ त्या स्वतः लहानपणी खेळल्या होत्या. भलंमोठं अंधारं घर, हातात बत्ती घेतलेला एक बुटका माणूस, खोलीखोलीतले दिवे लावत जायचं आणि बत्तीवर झेपावणाऱ्या पाखरांपासून जीव वाचवायचा. बस, इतकंच. पण लुकलुकायचा फार.

२

त्या लुकलुकण्याचं कारण अगदी साधं होतं. जुन्या यंत्राला एका ओळीत आठच हलती चित्रं काढता यायची. नववं आलं तर त्याला जागा नाही, ते दिसायचंच नाही. मग तेव्हाचे कारागीर आळीपाळी लावत. या क्षणी एकाला वगळायचं, पुढच्या क्षणी दुसऱ्याला. सगळे थोडे थोडे दिसायचे, थोडे थोडे गायब व्हायचे, आणि गर्दी झाली की सगळी ओळच फडफडायची.

नव्या यंत्राला कसली आलीय आठाची मर्यादा! बाईंनी ती उठवली. मुकादमही खूश झाले, कारण हल्ली लुकलुकणारा खेळ कुणी दुकानात ठेवून घेत नाही.

पहिली खोली लागली. चित्रं दगडासारखी स्थिर. खेळ्या खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला.

“वा! लोण्यासारखं चाललंय. पण काय हो बाई, या खोलीत पाखरं किती?”

“सात. आणि बत्तीवाला आठवा.”

“मग ही खोली जुन्या यंत्रावर लुकलुकायची कशी? आठ तर आरामात बसायचे.”

बाईंचा हात थांबला. खरंच की. लहानपणीही ही खोली फडफडायची, हे त्यांना चांगलं आठवत होतं. त्यांनी बोट लावून मोजलं. बत्तीवाला, सात पाखरं, आणि बत्तीवाला ज्या दारातून आत आला त्या दारात उभा असलेला एकजण.

बत्तीवाल्याएवढाच असेल. खांदे जरा वर ओढलेले. तोंड नव्हतं, पण त्या काळच्या कुठल्याच चित्राला नसायचं. एवढंच की बाकीची सगळी चित्रं कडेनं काढलेली होती, डावीकडे किंवा उजवीकडे बघणारी. हा समोर बघत होता, खेळणाऱ्याकडे.

“कचरा असेल,” खेळ्या म्हणाला. “यंत्राच्या स्मृतीत उरलेलं काहीतरी सटरफटर.”

बाईंनीही तेच धरलं. पण खेळातली चित्रं जिथे साठवलेली असतात तिथे त्यांनी दुपारभर धुंडाळलं. बत्तीवाला सापडला, पाखरं सापडली, दिवे, दारं, जळमटंसुद्धा सापडली. हा काही सापडेना. पुढच्या खोलीत गेलं तरी हा आपला दारात. प्रत्येक खोलीत, ज्या दारानं आपण आलो त्याच दारात. काढून टाकायला गेलं की खेळ गचका खाऊन बंद पडायचा.

“राहू द्या हो,” मुकादम म्हणाले. “खोड आहे, खोड काढायची नाही, तुम्हीच ना आम्हाला शिकवता? लोक उलट खूश होतील. चर्चा करतील.”

३

त्या शनिवारी दुपारी ठकीनं आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीसमोर बसून खेळ खेळला. बाईंनी खिडक्यांचे सगळे पडदे उघडे टाकले होते, शेजारी उशी ठेवली होती, आणि पोरीच्या पापण्यांवरून नजर काढली नव्हती. काही झालं नाही. काहीच झालं नाही! ठकी किंचाळत होती, पाखरांना धमक्या देत होती, दिवा लागला की सोफ्यावर उड्या मारत होती. सासूबाई चष्मा पुशीत बघत बसल्या होत्या. नवरा पेपर तोंडापुढे धरून डोळे टिपत होता आणि आपण नाहीच त्यातले असं दाखवत होता. बाईंना वाटलं, झालं, आता मरायलाही मोकळी. माणूस सुखात काहीही बोलतो.

“आई, हा दारातला का खेळत नाही गं?”

“तो उगीच उभा आहे. त्याच्याकडे लक्ष नको देऊस.”

“उगीच नाही काही. नंबर लावून उभाय. आपण दुकानात लावतो ना, तसा.”

“ऐका!” सासूबाई हसायला लागल्या. “आणि कधी येणार गं त्याचा नंबर?”

ठकीनं खेळ थांबवून पडद्याकडे नीट बघितलं. “आता आत घेतलंय त्याला,” ती म्हणाली आणि पुन्हा पाखरांच्या मागे लागली.

४

घरात पहिली गोष्ट झाली ती इतकी फुटकळ की सांगायलाही लाज वाटावी. बाई स्वयंपाकघरात गेल्या. रिकामं होतं. गॅसवर दूध वर येत होतं, त्यांनी धावत जाऊन बंद केलं आणि हाक मारली, “अहो आई, दूध ठेवून गेलात कुठे?”

“जातेय कुठे? ही काय, तुझ्या शेजारी उभी आहे मघापासून,” सासूबाई म्हणाल्या. हातात चमचा, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. “दूध मी बंद करणारच होते, तर तूच येऊन धडकलीस. डोळे तपासून घे गं बाई. दिवसभर त्या ठिपक्यांत बघत असतेस.”

डोळे तपासले. डोळे ठणठणीत निघाले.

मग नवरा. त्यांचं बोलणं चाललं होतं, आणि बोलता बोलता त्या थांबल्या, कारण समोरची खुर्ची रिकामी होती आणि त्यांना कळेना आपण कुणाशी बोलतोय. पापणी लवली, तर तो तिथेच. “मग? पुढे बोल ना,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं तीनच ताटं घेतली. चौथं कुणाचं राहिलं हे त्यालाही सांगता येईना. बाई समोर उभ्या होत्या तरी.

या सगळ्याला कारणं होती. थकवा, झोप, वय. बाई कारणं शोधण्यात पटाईत, तो तर त्यांचा धंदाच. पण एका गोष्टीला कारण मिळेना. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार चांगलं रुंद होतं. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, आणि दारात आल्यावर त्यांनी अंग चोरलं. खांदा वळवून, ट्रे छातीशी धरून, कडेकडेनं आत आल्या, जिन्यात कुणी उभं असलं की आपण येतो तशा.

बाई बघत राहिल्या. मग नवरा गेला, तोही तिरका होऊन. ठकी पळत गेली, तीही दारात येऊन एका बाजूला सरकली आणि मग गेली. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. तेव्हाच बाईंना आपल्या उजव्या खांद्याची जाणीव झाली. त्या स्वतः कित्येक दिवस त्या दारातून अशाच जात होत्या.

“अरे, आपण सगळे त्या दारात असे वाकडे का होतो?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“कुठल्या दारात?” तो म्हणाला. “तू ना, चार दिवस सुट्टी घे.”

५

शाळा सुटायच्या वेळेला त्या फाटकाशी गेल्या. मुलं आली, गेली. ठकी नाही. बाई आत धावल्या. वर्गात बाकं उलटी करून ठेवलेली, शिपाई फरशी पुसत होता.

“सगळी गेली हो,” वर्गशिक्षिका म्हणाल्या. “तुमची… तुमची कोण म्हणालात?”

बाई पुन्हा बाहेर धावल्या. संडास पाहिले, मैदान पाहिलं, घसरगुंडीच्या मागे पाहिलं. रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघवेना.

“आई, हात दुखतोय. सोड ना.”

त्यांनी खाली पाहिलं. ठकी त्यांच्या हाताला होती. बोटं पांढरी पडेपर्यंत त्यांनीच तिचा हात आवळून धरला होता, आणि तिला शाळाभर फरपटत नेऊन तिलाच शोधत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी पोरीला पोटाशी घेतलं ते सोडेचनात. ठकी वैतागली आणि आजीच्या पुढ्यात जाऊन बसली, गोष्ट सांग म्हणून. टीव्ही बंद होता. दिवा लावलेला नव्हता. खिडकीतून सरळ, स्वच्छ ऊन येत होतं. आजी गोष्ट सांगत होती, पोरगी आजीच्या तोंडाकडे बघत होती, आणि बघता बघता तिचे डोळे वर गेले.

फिट मोठी होती. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, उशी सारली, नेहमीचं सगळं केलं. बऱ्याच वेळानं ठकीनं डोळे उघडले. आजी रडत होती.

“आजी लुकलुकत होती,” ठकी म्हणाली. “बाबा पण लुकलुकतात. तू पण, आई. मी आता कुणाकडे बघू?”

६

आता बाईंना कळलं, आणि कळलं ते त्यांच्या धंद्याच्या भाषेत. चार जागांचं घर. दारातला तो पाचवा, आत आलेला. मग आळीपाळी. डोकं म्हणत होतं, बाई, वेड लागलंय तुम्हाला, सरळ डॉक्टरकडे जा. पण त्या सकाळी उठून गेल्या ऑफिसात, कारण तिथे हात तरी चालणार होते.

मर्यादा त्यांनी परत घातली. एका ओळीत आठ, नववा बाहेर. त्यांनीच उघडलेलं दार त्यांनीच लावलं. आता जुनी आळीपाळीही परत घालायची, की खेळ होता तसा झाला. रीत तशीच होती. पण आळीपाळी म्हणजे लुकलुक, आणि लुकलुक म्हणजे ठकीचे वर गेलेले डोळे. ते त्यांच्या हातून होईना. आईच ती. मग त्यांनी आळीपाळी कायमची काढून टाकली. कुणी क्षणभर आत, क्षणभर बाहेर, हा प्रकारच नको. रांगेत जो सगळ्यात शेवटी आलेला असेल तो बाहेर, कायमचा बाहेर. आगंतुक आत्ता आलाय, म्हणजे शेवटचा तोच. सरळ हिशेब होता.

नंबर लावून तो किती काळ उभा होता, हे त्यांच्या मनात आलं नाही.

खोली लागली. चित्रं स्थिर. एकही फडफड नाही.

“किती?” बाईंनी विचारलं. पडद्याकडे बघायला धीर होत नव्हता, डोळे मिटून घेतले होते.

“आठ,” खेळ्या म्हणाला. “बरोबर आठ.”

त्यांनी डोळे उघडून मोजलं. आठ. जीव भांड्यात पडला. या धंद्यातल्या माणसाची ही जित्याची खोडच म्हणा, आकडा जुळला की मान डोलवायची. कोण आठ ते बघायचं नाही. बाईंनी खुर्चीत मागे रेलून दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडल्या. खेळ्या बिचारा भांबावला. पाणी आणून दिलं त्यानं.

“बाई, एक विचारू? त्या सात पाखरांतलं ते पिटुकलं होतं ना, सगळ्यात शेवटी यायचं, ते नाही दिसत.”

बाईंनी डोळे पुसले. पडद्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

“पिटुकलं?” त्या म्हणाल्या. “कुठलं पिटुकलं?”

७

दुपारी मुकादमांनी त्यांना बोलावून घेतलं. स्वारी भलतीच खुशीत होती.

“झकास जमलंय, डॉक्टरीणबाई! आता एकच करू. दुकानात खेळाखाली एक ओळ टाकू, की फिट येणाऱ्या मुलांनाही हा बिनधोक खेळता येईल. तुमच्या घरी खेळून बघितलाय ना? तुमच्या मुलीनं?”

“माझ्या?”

“हो, तुमच्या… असं कुणाकडून तरी ऐकलं मी.”

बाईंचा चेहरा पडला. ही जखम कुणी अशी सहज उघडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “सर, आम्हाला मूलबाळ नाही,” त्या म्हणाल्या. “खूप डॉक्टर केले. नाही झालं. आता आम्ही त्याबद्दल बोलतही नाही.”

मुकादम ओशाळले. दोनदा माफी मागितली. कुणाचं तरी ऐकलेलं तुम्हाला चिकटवलं मी, असं म्हणाले, आणि त्यांनाही तेच खरं वाटलं.

शाळा सुटायच्या वेळी बाई टेबल आवरत होत्या. घाई कसलीच नव्हती.

घरी सगळं छान होतं. किती तरी दिवसांनी छान होतं. सासूबाई जिथे असायच्या तिथे दिसत होत्या. नवरा बोलत होता, आणि बोलणं संपेपर्यंत समोरच राहत होता. त्यानं आल्या आल्या विचारलं, “एवढी हसतेयस, काय झालं?”

“काम संपलं. जमलं.”

“मग चला बाहेर जेवायला! आई, तूही ऊठ. नवी साडी नेस.”

“माझं काय रे मेलं,” सासूबाई म्हणाल्या आणि लगेच कपाटाकडे गेल्या. साडी काढताना त्यांच्या हातात खालच्या कप्प्यातला एक इवलासा फ्रॉक आला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. “हा कुणाचा गं, सूनबाई? मोलकरणीच्या पोरीचा राहिला की काय? चांगला आहे. तिला देऊन टाक.”

“देते,” बाई म्हणाल्या. फ्रॉक हातात घेतल्यावर उगीचच त्यांना भरून आलं. मूल नसलेल्या बायांना येतं असं कधीकधी, असं म्हणून त्यांनी तो पिशवीत कोंबला.

नवऱ्यानं हॉटेलात फोन केला. “हो, चौघांचं टेबल,” तो म्हणाला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सासूबाई बाहेर पडल्या. नवरा किल्ल्या वाजवत गेला. बाई दार धरून थांबल्या, आणखी कुणीतरी बाहेर पडेपर्यंत आपण थांबतो तशा, मग दिवे मालवले आणि दार ओढून कुलूप लावलं.

तोच आतून दारावर धपका बसला. मग दुसरा, मग एकामागून एक, दोन्ही हातांनी, दाराच्या खालच्या अर्ध्यात, मोठ्या माणसाच्या कमरेच्याही खाली.

“हे काय वाजतंय?” सासूबाई जिन्यातून म्हणाल्या.

बाईंनी दाराला कान लावला. आत अंधार होता आणि धपके थांबत नव्हते.

“पाण्याचा पाइप असेल, हवा भरली असेल,” त्या म्हणाल्या. “उद्या प्लंबरला बोलावते.” कुलूप नीट लागलंय ना, हे त्यांनी एकदा ओढून बघितलं, आणि त्या जिना उतरायला लागल्या.